घरचा कचरा आणि घराची भिंत



विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आला आहे. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर भदंत आनंद कौशांबी नगरीत गेले होते. तेथील राजा उदयन याच्या अंतःपुरातील स्त्रियांनी त्यांचा उपदेश ऐकून त्यांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला हे कळले तेव्हा तो नाराज झाला. हा श्रमण एवढी वस्त्रे घेऊन काय करणार, कापडाचे दुकान मांडणार की काय, अशी शंका मनात धरून तो स्वतःच आनंदांकडे गेला. आनंदांनी सांगितले की, ज्या भिक्षूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे काय करणार? त्यांची अंथरुणावर घालायची आच्छादने करू. ती जुनी झाली की? गादीच्या खोळी करू. खोळी फाटल्या की जमिनीवर अंथरू, मग पाय पुसायला घेऊ, मग धूळ झटकायला घेऊ. आणि ती फडकीही फाटली की? त्या चिंध्या कुटून, चिखलात मळून त्याने लिंपण करू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

हा प्रसंग काटकसरीचे उदाहरण म्हणून आपण ऐकलेला असतो. परंतु त्यातील शेवटचे उत्तर पुन्हा वाचावे. घरात निरुपयोगी झालेल्या वस्तूपासून बांधकामाचे साहित्य तयार करण्याची ही एक फार जुनी नोंद आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

मी इंजिनियर नाही की कंत्राटदार नाही. कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. या विषयात मी पडलो तो आमच्या विहाराच्या आवारातील पिंपळाला पार बांधायचा ठरला म्हणून. प्लास्टिकच्या बाटल्यांत कचरा भरून त्यांच्या विटा करतात असे मी वाचले होते. महिला मंडळाच्या बैठकीत मी ती कल्पना उत्साहाने मांडली. तेव्हा एक आजी उभ्या राहिल्या. त्यांची उभी हयात झाडूकामात गेली आहे. त्या म्हणाल्या, "बाळा, बाबांनी आम्हाला ज्या उकिरड्यावरनं उठवलं, तिथंच लोकांचा कचरा निवडायला परत बसवतोस का? आणि त्या कचऱ्याची घरं बांधून ती आम्हालाच देणार का?"

मला त्यावेळी उत्तर देता आले नाही. आजींच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. कचऱ्याला हात कोणी लावायचा, हा एक. आणि त्यातून झालेल्या वस्तूचा दर्जा काय, हा दुसरा. या दोन्हींची उत्तरे मिळेपर्यंत 'कचऱ्यातून सोने' वगैरे बोलण्यात अर्थ नाही. म्हणून आधी वस्तुस्थिती पाहू.

कचरा म्हणजे एक वस्तू नव्हे

आपण ज्याला सरसकट कचरा म्हणतो त्यात निदान सहा-सात वेगळ्या वस्तू असतात. भाजीपाल्याची देठे, साली व उरलेले अन्न हा ओला कचरा. आपल्याकडील शहरांत घरगुती कचऱ्याचा सुमारे निम्मा भाग हाच असतो. त्याखेरीज कागद, कापड, काच, पत्रा आणि तऱ्हेतऱ्हेचे प्लास्टिक. शिवाय घराची दुरुस्ती काढली की विटांचे तुकडे, फुटक्या फरशा आणि जुना गिलावा निघतो. त्याला राडारोडा म्हणतात.

यांपैकी ओल्या कचऱ्याची भिंत होत नाही, त्याचे खत होते. तो कुजतो आणि कुजताना वायू व पाणी सोडतो. बांधकामात तो गेला तर काही महिन्यांतच तेथे पोकळी पडते. म्हणजे पहिली अट स्वयंपाकघरातच लागू होते. ओले आणि सुके एकाच डब्यात पडले की दोन्ही वाया जातात. खरकटे लागलेला कागद लगद्याच्या कामाचा राहत नाही आणि काच मिसळलेले खत शेताच्या कामाचे राहत नाही. केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या घनकचरा नियमांनी प्रत्येक घरावर ओला, सुका आणि घातक कचरा वेगवेगळा देण्याचे बंधन घातले, ते याच कारणासाठी.

जुन्या भिंतींत काय होते?

टाकाऊ वस्तू बांधकामात वापरणे आपल्या मुलखाला नवे नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रे काढण्यापूर्वी खडकावर मातीचा गिलावा चढवलेला आहे. त्या मातीत भाताचे तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. पीक काढल्यावर जे उरते, तेच आपल्या सर्वांत मौल्यवान चित्रांना दीड हजार वर्षे धरून आहे.

यामागचे कारण सोपे आहे. ओली माती वाळताना आकसते आणि आकसताना तिला तडे जातात. तिच्यात तूस, भुसा किंवा दोरे असतील तर ते दोन्ही बाजूंची माती धरून ठेवतात. त्यामुळे एक मोठी भेग पडण्याऐवजी केसासारख्या बारीक रेषा पडतात आणि गिलावा सुटत नाही. आनंदांच्या चिंध्यांचे काम हेच होते. तुरीच्या काड्यांच्या कुडाला शेणामातीने लिंपणाऱ्या आपल्या आया-आज्यांना हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते, पण त्या ते रोज करीत होत्या.

कागदाचेही तसेच आहे. रद्दी भिजवून, कुटून, त्यात मेथीचे पीठ घालून जुन्या टोपल्या लिंपण्याची रीत खेड्यात अनेकांनी पाहिली असेल. तोच लगदा थोड्या सिमेंटमध्ये मिसळला की हलके ठोकळे होतात. हे ठोकळे उष्णता अडवतात, पण पाणी शोषतात. म्हणून ते आतल्या आडभिंतीला चालतात. पावसाचा मारा असलेल्या बाहेरच्या भिंतीला किंवा न्हाणीघराला चालत नाहीत.

राडारोडा : सर्वांत उपयोगी, सर्वांत दुर्लक्षित

घरातून निघणाऱ्या सर्व टाकाऊ वस्तूंत बांधकामाला सर्वांत उपयोगी वस्तू कोणती असे कोणी विचारले, तर मी राडारोडा असे उत्तर देईन. कारण तो मुळात बांधकामाचाच माल आहे. तरीही तो रात्रीच्या अंधारात नाल्यात किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकला जातो.

विटांच्या तुकड्यांचा गच्चीवर कोबा करतात. तुकडे आधी पाण्यात चांगले भिजवावे लागतात. कोरडी वीट सिमेंटच्या मालातील पाणी ओढून घेते आणि माल नीट पकडत नाही. ते पाणी वाहून जाण्याच्या दिशेने उतार देऊन मांडायचे, फटी मालाने भरायच्या आणि वर गुळगुळीत थर द्यायचा. त्यावर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवले की झाले चायना मोझॅक. पांढरा रंग ऊन परतवतो, त्यामुळे खालची खोली उन्हाळ्यात कमी तापते. वरच्या मजल्यावर किंवा गच्चीखालच्या खोलीत राहणाऱ्यांना याचे महत्त्व सांगायला नको. टाइल्सच्या दुकानाबाहेर फुटलेला माल पडलेला असतो, तो पुष्कळदा फुकट किंवा नाममात्र किमतीत मिळतो.

भाजलेल्या विटांची बारीक पूड म्हणजे सुरखी. सिमेंट येण्यापूर्वी आपल्याकडची पक्की बांधकामे चुना आणि सुरखी यांच्या मालात झाली. नुसता चुना हवेतच हळूहळू घट्ट होतो. सुरखी घातली की ती चुन्याशी संयोग पावून ओलाव्यातही घट्ट होते.

मोठ्या प्रमाणावर हेच काम यंत्राने होते. राडारोडा दळून, त्यातील लोखंड चुंबकाने आणि लाकूड-कागद पाण्याने किंवा वाऱ्याने वेगळे करून खडी व वाळू मिळवतात आणि त्यापासून ठोकळे व फरसबंदीचे पेव्हर तयार करतात. दिल्लीत बुराडी येथे असा कारखाना २००९ साली सुरू झाला. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ सालच्या आवृत्तीने जुन्या काँक्रीटपासून काढलेल्या खडीला मान्यता दिली. साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि सळईच्या काँक्रीटमध्ये, तेही एम-२५ या प्रतीपर्यंतच, २० टक्क्यांपर्यंत ती वापरता येते. २०१९ साली उद्घाटन झालेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नव्या संकुलात राडाऱ्यापासून केलेले ठोकळे वापरले आहेत. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण आजींच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यात आहे.

परंतु राडाऱ्यातही निवड लागते. पीओपीचे छत आणि जिप्समचे तुकडे काँक्रीटमध्ये गेले तर ते त्याला आतून खातात. जुने सिमेंटचे पन्हळी पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते फोडल्यास त्याचे बारीक तंतू फुप्फुसात जातात आणि असाध्य रोग होतात. असे पत्रे कधीही फोडू नयेत, दळू तर नयेतच.

फुटके कौल आणि लॉरी बेकर

इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि १९४५ साली कुष्ठरोग्यांच्या सेवाकार्यासाठी भारतात आलेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनी पुढे केरळात कमी खर्चाची अनेक घरे बांधली. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २००७ साली ते वारले. त्यांची एक युक्ती आपल्या विषयाला अगदी लागू आहे. स्लॅबवर भार आला की वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. हा ताण सळई घेते. दोन सळयांमधील खालचे काँक्रीट जवळजवळ काहीच काम करीत नाही, उलट स्वतःचे वजन तेवढे वाढवते. बेकरांनी त्या जागी टाकाऊ मंगलोरी कौले बसवली. सिमेंट वाचले, स्लॅबचे वजन घटले आणि कौलातील हवेच्या पोकळीमुळे घर थंड राहिले. अर्थात स्लॅबचे काम जाणकार इंजिनियरच्या आराखड्याशिवाय करू नये. मात्र कमी खर्चाचे घर म्हणजे कमी प्रतीचे घर नव्हे, हे बेकरांनी स्वतः बांधून दाखवले.

काच

थायलंडच्या सिसाकेट प्रांतात खुन हान येथे एक विहार आहे. तेथील भिक्षूंनी १९८४ साली बाटल्या गोळा करण्यास सुरुवात केली आणि दोन वर्षांत मुख्य इमारत उभी केली. पुढे आणखी इमारती झाल्या. एकंदर पंधरा लाखांवर बाटल्या त्यांत आहेत, हिरव्या आणि तपकिरी, आणि त्या सगळ्या बिअरच्या! बाटल्यांच्या झाकणांपासून बुद्धांच्या प्रतिमा केलेल्या आहेत. पाचवे शील मोडणाऱ्या बाटल्यांनीच विहार उभा राहिला, असे गमतीने म्हणता येईल. काचेचा रंग उडत नाही, भिंतीतून उजेड येतो आणि ती धुवायला सोपी असते.

फुटलेली काच दळून वाळूऐवजी वापरता येते, पण येथे एक धोका आहे. काचेतील सिलिका आणि सिमेंटमधील अल्कली यांचा संयोग होऊन फुगणारा पदार्थ तयार होतो आणि काही काळाने काँक्रीट तडकते. काच पिठासारखी बारीक दळली तर हा धोका कमी होतो, उलट ती सिमेंटला मदतच करते. परंतु घरच्या घरी काच दळणे डोळ्यांना आणि छातीला घातक आहे. तेव्हा घरच्या माणसाने बाटली अखंड वापरावी आणि फुटकी काच वेगळी बांधून, वर 'काच' असे लिहून द्यावी. उचलणाऱ्याचा हात कापू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

प्लास्टिक

प्लास्टिकचा सर्वांत यशस्वी उपयोग आपल्या देशात रस्त्यांसाठी झाला. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी ही पद्धत बसवली. २००२ च्या सुमारास त्यांनी महाविद्यालयाच्या आवारातच असा रस्ता केला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पद्धत अशी की, खडी सुमारे १६० ते १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. पिशव्या, वेष्टने, कप यांचे बारीक तुकडे तिच्यावर टाकतात. ते मऊ होऊन प्रत्येक खड्यावर पातळ थर बसतो. मग डांबर ओततात. प्लास्टिकचे प्रमाण डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के असते. खड्यावर थर असल्याने पाणी आत शिरत नाही आणि डांबर सुटत नाही. भारतीय रस्ते महासभेने २०१३ साली याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१५ साली केंद्र सरकारने मोठ्या शहरांजवळील डांबरी रस्त्यांसाठी टाकाऊ प्लास्टिकच्या वापराचा आदेश दिला.

यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पीव्हीसी त्यात चालत नाही. पीव्हीसी तापले की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल बाहेर पडते आणि जळाले तर डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात. म्हणून घरी चुलीवर किंवा डब्यात प्लास्टिक वितळवून विटा पाडण्याचा प्रयोग कोणीही करू नये. तरुण मुलांनी तर मुळीच नाही. वितळवण्याचे काम तापमानावर ताबा असलेल्या यंत्राचे आहे.

घरी करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे बाटलीची वीट. पाण्याच्या बाटलीत धुतलेले, वाळवलेले मऊ प्लास्टिक काठीने ठासून भरायचे. बाटली पुरती घट्ट झाली की नाही हे हाताने दाबून कळते, पण खरी कसोटी वजनाची. एक लिटरच्या बाटलीत वजन निदान ३३० ग्रॅम भरले पाहिजे. त्याहून हलकी बाटली दबते आणि तिच्यासह बांधकाम दबते. अशा बाटल्या भार घेणाऱ्या भिंतीला वापरू नयेत, कारण प्लास्टिक पेट घेते व भाराखाली हळूहळू वाकते. बसायचे बाक, बागेची कड, झाडाचा पार अशा कामांना त्या योग्य. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होऊन त्याचा चुरा मातीत जातो, म्हणून वरून गिलावा अत्यावश्यक.

आमचा पार

आता आमच्या पाराची हकीकत. पार दहा फूट व्यासाचा आणि दीड फूट उंच. एका थरात साधारण ९५ बाटल्या, असे चार थर, म्हणजे ३८० बाटल्या. मी हिशेब मांडला की, एका घरातून रोज ५० ग्रॅम मऊ प्लास्टिक निघते असे धरले तर वर्षात ५५ बाटल्या होतात. चाळीस घरे असली तर दोन-अडीच महिन्यांत काम भागते.

हिशेब बरोबर होता, कचरा चुकला. पहिल्या खेपेला आम्ही घरोघर पोती ठेवली आणि मुलांना बाटल्या भरायला बसवले. पोत्यांत दुधाच्या न धुतलेल्या पिशव्या, फरसाणाची तेलकट पाकिटे, चहाची भुकटी, सगळे आले. मुलांनी नाक मुरडत बाटल्या भरल्या. महिन्याभरात काही बाटल्या फुगल्या, काहींची झाकणे उडाली, मुंग्या लागल्या आणि विहाराच्या आवारात दुर्गंधी सुटली. शंभराहून अधिक बाटल्या टाकून द्याव्या लागल्या.

दुसऱ्या खेपेला मी त्या आजींकडेच गेलो. त्या म्हणाल्या, "ज्याचा कचरा त्यानं धुवावा, त्यानं वाळवावा, त्यानंच बाटलीत भरावा आणि इथं भरलेली बाटली आणून द्यावी. दुसऱ्याच्या घरच्या घाणीत कुणाच्या लेकराचा हात जाणार नाही." आम्ही तसा ठराव केला. विहारात एक तराजू ठेवला. वजन भरले तरच बाटली घ्यायची आणि वहीत नाव लिहायचे. वहीचे काम अर्थातच माझ्याकडे आले. या वेळी चार महिने लागले, पण एकही बाटली फुगली नाही.

बांधताना गवंड्याने आणखी दोन गोष्टी शिकवल्या. प्लास्टिक गुळगुळीत असल्याने माल त्याला धरत नाही. म्हणून बाटल्या आडव्या, तोंड आतल्या बाजूला करून रचल्या, माने दोरीने एकमेकींना बांधल्या आणि बाहेरून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती बारीक जाळी ताणून मगच गिलावा केला. पिंपळाची मुळे भिंत फोडतात हे त्याला ठाऊक होते, त्यामुळे त्याने बुंध्याभोवती भरपूर माती मोकळी सोडली आणि पाया खोल घेतला. खर्चाचे खरे सांगायचे तर विटांचे पैसे वाचले, पण मजुरी वाढली. एकूण हिशेबात फारसा फरक पडला नाही. मिळाले ते हे की, सव्वाशे किलो प्लास्टिक नाल्यात किंवा गाईच्या पोटात गेले नाही आणि पार झाला.

हात कोणाचे?

या अनुभवातून मला जे समजले ते या लेखाचे सार आहे. कचऱ्यापासून बांधकामाचे साहित्य करण्याच्या वर सांगितलेल्या सर्व पद्धती तपासा. लगदा, कोबा, काँक्रीटची खडी, काच, रस्ता, बाटली. प्रत्येकीची पहिली अट एकच आहे, की वस्तू स्वच्छ, कोरडी आणि वेगळी हवी. ही अट सर्वांत सहज आणि सर्वांत स्वस्त पूर्ण होते ती कचरा जिथे निर्माण होतो तिथे, म्हणजे घरात. एकदा सगळे मिसळले की ते वेगळे करायला माणसाचे हात लागतात, आणि ते हात आपल्या समाजव्यवस्थेने कोणाचे ठरवले होते हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी काय सांगावे? मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उष्टे अन्न आणि मृत जनावरांचे मांस सोडण्यास सांगितले. दुसऱ्याने टाकलेल्यावर जगणे सोडा, हा त्याचा अर्थ होता. आज कोणी 'कचऱ्यातून रोजगार' असे गोड नाव देऊन त्याच लोकांना पुन्हा मिसळलेल्या ढिगावर बसवत असेल, तर त्याला पर्यावरणाचे काम म्हणता येणार नाही.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. तिच्या सभासदांत दलित समाजातील स्त्रिया बहुसंख्य आहेत. त्यांनी ओळखपत्रे मिळवली आणि २००८ पासून 'स्वच्छ' या स्वतःच्या सहकारी संस्थेमार्फत घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. त्यांची मागणी साधी आहे. कचरा आम्हाला वेगळा करून द्या, कामाचा मोबदला द्या, विकता येईल त्या वस्तूवर आमचा हक्क राहू द्या. जेथे घरे कचरा वेगळा देतात तेथे हे कौशल्याचे काम होते. जेथे देत नाहीत तेथे तीच बाई त्याच पगारात दुसऱ्याच्या घाणीत हात घालते.

आम्हा बँकवाल्यांना एक सवय असते. कुठलीही रक्कम एका खात्यातून निघाली की ती दुसऱ्या खात्यात दिसलीच पाहिजे. कचऱ्याचेही तसेच आहे. माझ्या घरातून तो गेला म्हणजे संपला असे नाही. तो कोणाच्या तरी खात्यावर पडला.

आपण काय करावे?

विहार समित्या आणि गृहनिर्माण संस्थांनी पुढील गोष्टी सहज करता येतील.

१. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा ठेवावा. दुधाची पिशवी कापतानाच विसळावी. ती कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा पाडू नये, तो कोणीच उचलत नाही.

२. काच, ब्लेड, सॅनिटरी नॅपकिन व औषधे कागदात बांधून, खूण करून वेगळी द्यावीत.

३. घरदुरुस्ती काढण्यापूर्वीच विटा, फरशा, लोखंड आणि पीओपी वेगवेगळे रचण्यास गवंड्याला सांगावे. नव्या बांधकामात ते कुठे वापरता येईल हे आधी ठरवावे.

४. बाटल्यांच्या विटा लहान कामांसाठीच कराव्यात. जी बाटली भंगारात घेतली जाते ती आधी भंगारात द्यावी, कारण त्यावर कोणाचे तरी पोट आहे. वीट करावी ती जे प्लास्टिक भंगारवालाही घेत नाही त्याची.

५. राहत्या घराच्या भिंती, स्लॅब आणि जिने यांत कोणताही प्रयोग इंजिनियरला विचारल्याशिवाय करू नये. आणि जे साहित्य बंगल्यासाठी नको असेल ते झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीतही नको, असा आग्रह धरावा.

सिमेंटच्या उत्पादनातून जगातील एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के बाहेर पडतो. भाजलेल्या विटेसाठी शेताची वरची सुपीक माती जाते. ही माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. त्यामुळे टाकाऊ वस्तूंचा बांधकामात वापर वाढणार हे उघड आहे. तो कोणाच्या श्रमावर आणि कोणत्या दर्जाने वाढणार, हे मात्र अजून ठरायचे आहे.

भदंत आनंदांच्या उत्तराकडे पुन्हा एकदा पाहावे. त्यात चीवर भिक्षूचे, ते वापरणारा भिक्षू, चिंध्या कुटणारा भिक्षू आणि लिंपण झालेल्या जागेत राहणाराही भिक्षूच. कोणा दुसऱ्याला बोलावून 'हे उचल' असे त्यांनी म्हटलेले नाही.

पार पूर्ण झाल्यावर आजी आल्या. हाताने गिलावा चाचपून पाहिला. मी विचारले, "आजी, बसता ना?" त्या म्हणाल्या, "बसते की. यात माझ्याही तीन बाटल्या आहेत. वहीत बघ."

मी वही पाहिली. नोंद बरोबर होती.